बातमीत सुई दिसते, सिस्टर दिसत नाही

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यात एका दैनिकासाठी आरोग्याच्या बातम्या करतो. १२ मे रोजी परिचारिका दिनानिमित्त आम्ही दरवर्षी एक पान देतो. यंदाचे पान पाहून एका परिसेविकांनी (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरनी) विचारले, “यात आम्ही कुठे आहोत?” मला उत्तर देता आले नाही. वृत्तमाध्यमे परिचर्येचे जे चित्र उभे करतात त्यात नेमके काय चुकते आणि आमच्यासारख्याने काय करावे?

उत्तर:

त्या परिसेविकांनी जे विचारले ते माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत दर मे महिन्यात माझ्याही ओठांवर येत असे, पण मी ते कधी विचारले नाही, आणि त्याची थोडी खंत बाळगूनच हे उत्तर लिहीत आहे. मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयांत मी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, प्रसूती, शस्त्रक्रिया आणि बालरोग या विभागांत परिसेविका म्हणून काम केले आणि शेवटची काही वर्षे अधिसेविकेचे, म्हणजे लोक ज्याला मेट्रन म्हणतात ते पद सांभाळून निवृत्त झाले. या काळात वॉर्डात येणारे वार्ताहर, छायाचित्रकार आणि पुढेपुढे मोबाइल उंच धरून शिरणारे असे सगळेच मी पाहिले. त्यांतील बहुतेक जण सज्जन होते, आणि कित्येकांची बाळंतपणे, म्हणजे त्यांच्या घरच्यांची, आमच्याच हातून झालेली होती. त्यामुळे मला कोणाच्या हेतूवर बोट ठेवायचे नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की परिचारिका किती चांगली आहे किंवा किती निष्काळजी आहे याच्या बातम्या तुम्ही पुष्कळ छापता, परंतु ती रुग्णाकडे बघून काय ओळखते आणि त्यावरून काय ठरवते, हे जवळजवळ कधीच छापत नाही. सेवा, त्याग, माया, हसतमुखपणा हे शब्द आमच्या वाट्याला भरपूर येतात. निरीक्षण, अंदाज, निर्णय हे शब्द मात्र डॉक्टरांच्या बातमीसाठी राखून ठेवल्यासारखे असतात.

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण सुरू झाले, त्यानंतरच्या काही महिन्यांचे कोणत्याही जिल्ह्याचे अंक काढून पाहा. छायाचित्राच्या एका बाजूला बाही वर केलेले मान्यवर असतात आणि दुसऱ्या बाजूने चौकटीत शिरलेला, हातमोजा घातलेला एक हात असतो. खाली ओळ असते, “लस घेताना अमुक साहेब.” तो हात कोणाचा, हे कोणी विचारत नाही. आमच्या केंद्रावर तर एका छायाचित्रकाराने लस टोचून झाल्यावर सांगितले, “सिस्टर, फोटो हलला, सुई परत एकदा दंडाला लावा.” ती सिरिंज एकदा दांडा खाली गेला की पुन्हा न भरणारी होती आणि सुई कापून पांढऱ्या डब्यात गेलेली होती, त्या डब्यात गेलेली वस्तू बाहेर काढायची नसते, हे त्याला समजावण्यात माझ्या मुलीच्या वयाच्या त्या सिस्टरची पाच मिनिटे गेली. त्याच सकाळी ती आणखी काय करत होती ते पाहा. कोविशिल्डची कुपी उघडली की तिच्यावर वेळ लिहायची, त्यातले दहा डोस चार तासांच्या आत संपवायचे, रांगेत सातच माणसे उरली असतील तर नवी कुपी उघडायची की गावात निरोप धाडून आणखी तिघांची वाट पाहायची हे ठरवायचे, आणि टोचून झालेल्या माणसांना अर्धा तास बसवून ठेवून त्यांच्यात कोणाला घाम सुटतोय, कोणाचा श्वास बदलतोय यावर एक डोळा ठेवायचा. त्या दिवसाची खरी बातमी यात होती. १ मार्च २०२१ रोजी पंतप्रधानांना लस देणाऱ्या परिचारिकेचे नाव मात्र देशभर छापून आले. आमच्यातल्या एकीने तेव्हा म्हटले होते की सिस्टरचे नाव पेपरात यायला समोरच्या खुर्चीत पंतप्रधानच बसावे लागतात.

छायाचित्रांचे हे दुखणे जुने आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. दिवस उजाडल्यावर आमच्याकडे ट्रक आणि जीप भरभरून जखमी येऊ लागले. मी तेव्हा नोकरीत नवखी होते. दुपारी बाहेरगावचा एक छायाचित्रकार आला आणि त्याने मला सांगितले की या आजोबांना ग्लासने पाणी पाजा, चांगला फोटो होईल. आजोबांच्या पोटाला मार होता, शस्त्रक्रियेची तयारी चालू होती आणि त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नव्हता. ते स्वतः “पाणी, पाणी” करत होते. त्यांचे ओठ ओल्या बोळ्याने पुसणे आणि पाणी न देणे, हे त्या घटकेला माझे काम होते, आणि ते किती अवघड होते हे मी अजून विसरलेले नाही. छायाचित्रकाराला मी नकार दिला तेव्हा त्याने पलीकडच्या खाटेवर तसे छायाचित्र मिळवले. ते छापूनही आले असेल. पाणी पाजणारी परिचारिका वाचकाला लगेच कळते, पाणी न देणारी परिचारिका कळायला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात.

आता एक रात्र जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यातच दिसते. प्रसूती कक्षात माझी रात्रपाळी होती. पहिलटकरीण होती, ऊसतोडीहून परतलेली, रात्री दीड वाजता व्यवस्थित बाळंत झाली, मूल रडले, वार पडली, सगळे नोंदवून मी पुढच्या बाईकडे गेले. साधारण पाऊण तासाने मी परत आले तेव्हा तिची सासू म्हणाली, “झोपली हो सिस्टर, दमली पोरगी.” ती झोपल्यासारखी दिसतही होती. पण बाळंत होऊन तासही न झालेली बाई बाळ कुशीत असताना इतकी गप्प पडत नाही, आणि तिचा वरचा ओठ मला पांढुरका वाटला. मी पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय नारळासारखे टणक लागायला हवे, ते मळलेल्या कणकेसारखे मऊ लागले. चादर वर केली तर पॅड भिजलेले होतेच, शिवाय कमरेखालच्या रबरी कापडाच्या खोलगट भागात रक्त साठले होते, जे वरून दिसत नव्हते. नाडी १२० च्या घरात होती. वॉर्डातल्या मामांना, म्हणजे कक्षसेवकांना, डॉक्टरांकडे पळवले, एका हाताने पोट चोळत राहिले, दुसऱ्या सिस्टरने जाड सुईने दुसरी शीर धरली, गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाईन चालू झाले, लघवीची पिशवी भरलेली असली तर गर्भाशय आवळत नाही म्हणून नळी घालून ती रिकामी केली, रक्तपेढीसाठी नमुना काढून ठेवला. डॉक्टर दहा-बारा मिनिटांत आले. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, तो त्यांनी काढला आणि रक्तस्राव थांबला.

तिसऱ्या दिवशी स्थानिक पानावर चार ओळी आल्या, त्यांचा आशय असा होता की डॉक्टरांच्या तत्परतेमुळे मातेचे प्राण वाचले. ते खोटे नव्हते. डॉक्टर तत्पर होतेच, आणि त्यांनी त्या वार्ताहराला “सिस्टरच्या आधी लक्षात आले” असे स्वतः सांगितले होते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. पुढे तो वार्ताहर भेटला तेव्हा मी सहज विचारले, तर तो म्हणाला की जागा कमी होती. मला त्याचा राग आला नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. आमच्या कामाचा मोठा भाग अघटित टळण्यात जातो, आणि जे घडलेच नाही त्याला तारीख, वेळ, स्थळ नसते. म्हणून ते बातमीच्या साच्यात बसत नाही. हात न ठेवता मी पुढे निघून गेले असते, तर मात्र पूर्ण स्तंभ मिळाला असता, आणि त्यात माझे नाव व पद अचूक असते.

हा साचा आमच्या पेशाच्या जन्मापासूनचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुटारीला गेल्या त्याच मुळी लंडनच्या वर्तमानपत्रांनी क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांची दैना छापल्यामुळे, आणि हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी स्त्री ही प्रतिमाही १८५५ च्या वर्तमानपत्रांनी आणि सचित्र साप्ताहिकांनीच घडवली. म्हणजे वृत्तपत्रांचे आमच्यावर उपकारच आहेत. पण त्या बाईंनी सैनिक जखमांपेक्षा रोगांनी आणि घाणीने किती जास्त मरतात हे आकड्यांनी सिद्ध केले, वर्तुळाकार आलेख काढून मंत्र्यांच्या गळी उतरवले आणि १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या, हे तुमच्या १२ मेच्या पानात येत नाही. दिवा येतो. तोही चुकीचा येतो. त्यांच्या हातात घडीचा तुर्की कंदील होता आणि आपण छापतो ती अल्लाउद्दीनच्या गोष्टीत शोभेल अशी पितळी चीज. आमच्या परिचर्या विद्यालयांतही शपथविधीला मुली तसलाच दिवा धरतात, तेव्हा एकट्या पत्रकारांना दोष देता येत नाही.

परिचारिका बोलत नाही आणि तिला कोणी विचारत नाही, ही स्थिती आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये आरोग्यविषयक बातम्यांची मोजणी झाली तेव्हा वर्तमानपत्रांतील अशा बातम्यांत परिचारिकांचे म्हणणे सुमारे ४ टक्के ठिकाणी उद्धृत केलेले आढळले. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, तीच मोजणी पुन्हा केली तर प्रमाण २ टक्के निघाले आणि परिचारिकेचा नुसता उल्लेखही १३ टक्के बातम्यांतच होता. ज्या देशात परिचारिका डॉक्टरेट करतात आणि स्वतंत्रपणे रुग्ण तपासतात, तिथली ही गत आहे. आपल्या जिल्हा पानांची अशी मोजणी तुम्ही स्वतःच करून पाहा, एका वर्षाचे अंक पुरेत.

कारणे मात्र आपल्याकडची थोडी वेगळी आहेत. शासकीय परिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि वरिष्ठांच्या परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी कामकाजाबद्दल बोलणे तिला महागात पडू शकते. जिल्हा शल्यचिकित्सक, अधिष्ठाता किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी बोलतात, आणि तेही त्यांच्या बाजूने पाहता रास्तच आहे. खासगी रुग्णालयात नियम नसतो, पण बोललेल्या मुलीला दुसऱ्या दिवसापासून “येऊ नका” असे सांगायला तिथे कागदही लागत नाही. शिवाय तुमची आणि आमची वेळ जुळत नाही. तुम्ही सकाळी अकराला येता, तेव्हा राउंड चाललेला असतो आणि वॉर्डात बोलण्याचा अधिकार ज्यांना आहे असे सगळे हजर असतात. आमची परीक्षा असते ती पहाटे तीनला.

म्हणून आम्ही बातमीत शिरतो ते दोनच दारांनी, एक सत्काराचे आणि दुसरे गुन्ह्याचे.

सत्काराबद्दल फार लिहीत नाही. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली, आणि त्याच दिवसांत भाड्याची खोली सोडायला सांगितल्याने सामान घेऊन ड्युटीवर आलेल्या मुली मी पाहिल्या. “देवदूत” म्हटल्याने एक नुकसान असे होते की देवदूताला झोप, जेवण, पगार आणि मास्क लागत नाही असे वाचक नकळत धरून चालतो. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे कंत्राटदारामार्फत, भरती करण्याच्या विरोधात राज्यातील परिचारिकांनी काम बंद ठेवले, तेव्हा “रुग्णांचे हाल” हा मथळा सगळीकडे आला. हाल झालेच, ते छापायलाच हवेत. पण बाह्यस्रोतातून आलेली परिचारिका सहा महिन्यांनी बदलली तर त्या वॉर्डाला कोण ओळखणार, नवशिक्या मुलीला शीर धरायला कोण शिकवणार, हा रुग्णांशीच निगडित असलेला प्रश्न त्या मथळ्याखाली शोधावा लागत होता.

गुन्ह्याच्या दाराबद्दल मात्र तुमच्याशी जरा कठोरपणे बोलले पाहिजे. “चुकीचे इंजेक्शन दिल्याने मृत्यू” हा मथळा मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात वर्षातून एकदा तरी येतो. अवतरणचिन्ह नसते, “नातेवाइकांचा आरोप” हे शब्द तिसऱ्या परिच्छेदात असतात आणि व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने, अजून प्रयोगशाळेत पोहोचलेलाही नसतो. इंजेक्शननंतर झालेला मृत्यू हा चुकीच्या इंजेक्शनने झालेलाच असतो असे नाही. बरोबर औषध, बरोबर मात्रेत, बरोबर मार्गाने आणि बरोबर वेळी, बरोबर माणसाला दिले तरी एखाद्याला तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते. खरोखर चूक झाली असेल तर ती कुठे झाली, हे विचारायला हवे. औषध लिहिले कोणी, केसपेपरवरचे अक्षर वाचता येत होते का, भांडारातून सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या एकाच खोक्यात आल्या होत्या का, आणि टोचणारीकडे त्या घटकेला किती रुग्ण होते? आमच्याकडून चुका होतात. मी स्वतः एकदा दुसऱ्या खाटेचे सलाईन लावता लावता थांबले आहे, थांबले नसते तर काय झाले असते ते मला ठाऊक आहे, आणि ज्यांच्या हातून खरेच घडले त्यांना पाठीशी घालावे असे मी म्हणत नाही. चौकशीआधी नाव छापू नये, आणि साखळीतल्या शेवटच्या हातालाच संपूर्ण साखळी समजू नये, एवढेच सांगते.

आणखी एक. त्या बातमीतली “नर्स” खरोखर नर्स होती का, हे पाहा. लहान खासगी दवाखान्यांत बारावीपर्यंत शिकलेली, तिथेच बघूनबघून शिकलेली मुलगी पांढरा कोट घालून उभी असते, आणि तुमच्या बातमीत ती परिचारिका होते. परिचर्येचे अभ्यासक्रम पाहा: एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. हे शिकलेल्या सर्वांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारणे हे वार्ताहराला दोन मिनिटांचे काम आहे. नोंदणी नसेल तर बातमी बदलते, कारण मग प्रश्न त्या मुलीपेक्षा तिला कमी पगारावर ठेवणाऱ्या मालकाला विचारावा लागतो. आशा कार्यकर्तीलाही सर्रास नर्स लिहितात. ती मानधनावर काम करणारी गावातली कार्यकर्ती आहे, तिचे काम मोलाचे आहे, पण ते परिचर्येचे नव्हे. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही पदे तुम्ही एकमेकांच्या जागी वापरता तेव्हा आम्हाला तलाठ्याला तहसीलदार म्हटल्यासारखे वाटते.

मोठ्या दुर्घटनांत हेच मोठ्या प्रमाणावर होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले, आणि काही दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांना अटक झाली. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील, त्यावर मी बोलणार नाही. पण अटकेच्या वेळी तोंडावर ओढणी घेतलेल्या बायकांची दृश्ये किती वेळ दाखवली गेली आणि त्या विभागाची वीजजोडणी, अग्निशमन यंत्रणा कोणाच्या अखत्यारीत येते यावर किती वेळ गेला, हे आठवून पाहा. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. देशभर काय दिसले, तर खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले ते दृश्य. त्या आठवड्यात औषधांच्या तुटवड्यावर, रिक्त पदांवर चांगले लिहिणारेही होते, त्यांचे श्रेय नाकारत नाही. तरी नवजात अतिदक्षता कक्षात त्या रात्री एका परिचारिकेकडे किती बाळे होती, हा साधा आकडा मी स्वतः शोधला आणि मला तो कुठे सापडला नाही.

हा आकडा मिळवायला शिका, बाकी सारे नंतर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एकास एक, असे प्रमाण धरलेले आहे. वार्ताहर इथे हमखास फसतात, कारण वॉर्डांचे हे प्रमाण पदांचे असते, पाळीचे नसते. तीन पाळ्या, साप्ताहिक सुटी, बाळंतपणाच्या आणि आजारपणाच्या रजा, लसीकरणाला किंवा शिबिराला पाठवलेल्या बायका, हे सगळे वजा केल्यावर रात्री वॉर्डात प्रत्यक्ष उभी कोण, हे बघायचे. माझ्या वॉर्डात कित्येक रात्री ४० रुग्णांमागे एकटी सिस्टर असे. रात्रपाळी बारा तासांची, म्हणजे ७२० मिनिटे. एका रुग्णाच्या वाट्याला सारी रात्र मिळून १८ मिनिटे येतात, आणि त्यातच इंजेक्शने, सलाईन बदलणे, नोंदी लिहिणे, नवा रुग्ण दाखल करून घेणे, नातेवाइकांची समजूत घालणे आणि स्वतः पाणी पिणे बसवायचे. “सिस्टर उद्धट बोलल्या” ही तक्रार छापताना हे १८ मिनिटांचे गणित शेजारी छापले, तर वाचक दोन्ही वाचून आपले मत करील.

चांगले लिहिलेले नाहीच असे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिकेने सुमारे वीस गर्भवतींना वॉर्डाच्या टोकाच्या लहान खोलीत हलवले, दारे लावून घेतली, दिवे बंद केले आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या कडेकडेने प्रसूती कक्षात पोहोचवले. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे अनुभव सांगितला. त्यांच्यावरच्या चांगल्या वृत्तांतांत कोणते दार आधी लावले, कोणाला कुठे बसवले, हे क्रमाने येते. म्हणून वाचकाला त्यांचे धैर्यही कळते आणि डोकेही कळते. याउलट अरुणा शानबाग यांचे पाहा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. ७ मार्च २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या वेळी सारी चर्चा दयामरणाची झाली, ती व्हायलाच हवी होती. केईएमच्या परिचारिकांच्या मायेबद्दलही गहिवरून लिहिले गेले. पण इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या बाईला अंगावर जखम होऊ दिली नाही, हे निकालातही नोंदलेले वाक्य परिचर्येच्या दृष्टीने काय आहे, हे कोणी उलगडले नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, हाडाच्या उंचवट्यावरची कातडी लाल झाली का ते बोटाने दाबून पाहणे, ओल राहू न देणे, गिळताना ठसका लागणार नाही अशा बेताने भरवणे, आणि हे पिढी बदलली तरी नव्या मुलींच्या हाती जसेच्या तसे सोपवणे. चार दशके न चुकता हे होते तेव्हा नुसत्या मायेवर होत नाही.

आमच्या बाजूची चूकही सांगून टाकते. परिचारिका दिनाला आम्हीच पुढाऱ्यांना बोलावतो, आम्हीच “सेवेचे व्रत” म्हणून भाषणे लिहून देतो आणि संघटनेचे पत्रक काढतो तेव्हा त्यात मागण्यांखेरीज काही नसते. एका वॉर्डात हात धुण्याची शिस्त लावल्यावर टाके पिकण्याचे प्रमाण कसे उतरले, असे काही आमच्या नोंदवह्यांत असते, पण ते उचलून पत्रकारापुढे ठेवायचे आम्हाला सुचत नाही. सुचले तरी मेट्रनबाई परवानगी देतील का, अशी भीती असते. मी मेट्रन असताना माझ्याकडेही ती मागायला कोणी आले नाही, आणि मीही कोणाला तसे सुचवले नाही.

यंदा तुमचे पान वेगळे करायचे असेल तर सत्कारमूर्तींची यादी आणि परदेशी टोपीवाल्या नर्सचे चित्र दोन्ही वगळा. टोप्या आमच्या बहुतेक रुग्णालयांतून केव्हाच गेल्या. अधिष्ठाता किंवा शल्यचिकित्सक यांच्याकडे एका रात्रीसाठी लेखी परवानगी मागा, विषय स्पष्ट लिहा, रुग्णांची नावे आणि चेहरे घेणार नाही असे त्यातच कबूल करा. अशी परवानगी मिळते. मग रात्री पावणेआठला वॉर्डात या. कॅमेरा पिशवीत ठेवा. आठ वाजता दिवसाची सिस्टर रात्रीच्या सिस्टरला वॉर्ड सोपवते, त्याला आम्ही हॅण्डओव्हर म्हणतो. दोघी खाटेखाटेपाशी थांबतात आणि एखाद्या खाटेपाशी हलक्या आवाजात ऐकू येते, “सहा नंबर, दुपारपासून लघवी फक्त ऐंशी मिली, साडेसहाला डॉक्टरांना सांगितलंय, नऊला परत बघ, नसली वाढली तर थांबू नको.” हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्या. आणि मध्यरात्रीनंतर, तिला दोन मिनिटे मिळतील तेव्हा, तिला विचारा की ऐंशी मिलीवरून तिला काय कळले.